थुंकी लावलेली अकरा पाकिटं

बाई मॉसवर थुंकायच्या. लांबून पिचकारी मारायच्या नाहीत. बोट जिभेला लावायचं, ते त्या शेवाळासारख्या मॉसवर चोळायचं आणि तेवढ्यानं भागलं नाही तर तोंड जवळ नेऊन सरळ थेंब सोडायचा. मग भिंगातून पाहायचं आणि तेच ओलं मॉस माझ्या तळहातावर ठेवायचं. "बघ, पानं उघडली." मला पानं दिसायची नाहीत. तळहातावरचा ओलेपणा तेवढा कळायचा आणि हात मी जीन्सला पुसायचे.

अमेरिकेत हर्नडनला आम्ही आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. मी त्याच्या व्हिसावर, म्हणजे पगाराचं काम करायचं नाही. नागपूरला बॉटनीत एम.एस्सी. केलेली, पण इथे सहा वर्षांत माझं नाव कामाच्या एकाही कागदावर आलं नव्हतं. जिथे तिथे अमक्याची बायको. लायब्ररीतल्या बोर्डावर, वनस्पती संग्रहालयात मॉसच्या नोंदी करायला बिनपगारी माणसं हवीत असं वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी गेले. बाई तिथल्या मुख्य, ऐंशीच्या पुढच्या. सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारायचे. माझ्या तोंडी ते येईना, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना बाईच म्हणायचे, शाळेतल्यासारखं.

आमच्या ओढ्याकाठी दोन मॉस शेजारी शेजारी वाढतात. दोघांचं आडनाव प्लॅजिओम्नियम. एक कस्पिडेटम, दुसरं सिलियारे. फरक काय तो पानाच्या कडेला. कस्पिडेटमच्या पानाला दाते असतात ते फक्त वरच्या अर्ध्या भागात, सिलियारेच्या पानाला थेट बुडापर्यंत. पण मॉस वाळलं की दोघांचीही पानं आक्रसून वळतात, मग कुठले दाते आणि कुठलं बूड! ओलं केल्याशिवाय काही कळत नाही. त्यासाठी मी पाण्याची स्प्रेची बाटली न्यायचे. बाई हसायच्या. म्हणायच्या, "बाटली घरी विसरशील, तोंड कधी विसरणार नाहीस."

मी देवधर्म फारसा करत नाही. सोवळं तर माझ्या आईनंही कधी पाळलं नाही. पण उष्टं म्हटलं की आजही मी चार पावलं मागे सरते. लेकीच्या बाटलीतलं पाणीसुद्धा वरून ओतून पिते. आणि इथे परक्या बाईची लाळ! त्या दिवसभर खोकल्याची गोळी चघळायच्या, त्यामुळे तिला पेपरमिंटचा वास. वर मॉसमधून एखादी गोगलगाय निघायची ती वेगळीच.

नोव्हेंबरातल्या एका कोरड्या सकाळी आम्ही अकरा नमुने गोळा केले. सगळे बाईंनीच काढले आणि एकही कोरडा सोडला नाही. कागदाच्या घड्या घालून पाकिटं केली आणि माझ्या हातात दिली. "ही तू ओळख. चिठ्ठीवर तुझं नाव घाल." प्रत्येक पाकिटात एक छोटी चिठ्ठी असते. तिच्यावर मॉसचं नाव आणि ते कोणी ओळखलं त्याचं नाव. ही पाकिटं आपण गेल्यावरही संग्रहालयाच्या कपाटात राहतात. परत येताना सिग्नलला थांबले की मी स्टिअरिंगवर बोटानं सही गिरवत होते.

पाकिटं मात्र मी घरात आणली नाहीत. गॅरेजमध्ये कपड्यांच्या साबणाशेजारी ठेवून दिली. मायक्रोस्कोप जेवणाच्या टेबलावर होता, आणि तिथे आम्ही जेवतो. आठवडा गेला. नवरा म्हणाला, "अगं, ग्लव्हज घाल आणि चेक करून टाक ना यार. एवढं काय त्यात?" ग्लव्हज घातले. गॅरेजमध्येच पहिलं पाकीट उघडलं. पेपरमिंटचा वास आला. मॉस एका जागी कागदाला चिकटलं होतं आणि भोवती वाळलेलं, चकचकीत वर्तुळ होतं. सरळ सांगते, मला उमासा आला. पाकीट मिटलं, हात दोनदा धुतले आणि टेबलाशी बसून अकराच्या अकरा चिठ्ठ्या भरल्या. कस्पिडेटम. का, तर आमच्याकडे तेच जास्त सापडतं. खाली अकरा वेळा माझं नाव, वळणदार अक्षरात. पान एकाचंही पाहिलं नव्हतं.

आणि त्याचं मला काहीही वाटलं नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवले. पाकिटं बाईंना नेऊन दिली आणि एका चिठ्ठीचा फोटो आईला पाठवला. तिनं तो अख्ख्या बिल्डिंगला दाखवला.

मार्चमध्ये कुठल्याशा दूरच्या विद्यापीठातून एका विद्यार्थिनीनं नेमकी तीच पाकिटं मागवली. ती याच जोडीवर काम करत होती. पार्सल करायचं काम माझ्याकडे आलं. पाकिटं काढली आणि पाण्याचा थेंब टाकून एकेक पान बघितलं. दाते, दाते, थेट बुडापर्यंत दाते. अकरापैकी सात सिलियारे निघाली. आणि प्रत्येक पाकिटात माझ्या चिठ्ठीखाली आणखी एक चिठ्ठी होती, बाईंच्या थरथरत्या अक्षरातली. "तपासलं. सहमत."

या कामात जुनी चिठ्ठी फाडायची नसते. नवी लिहून तिच्याशेजारी ठेवायची. चुकीचं नाव आणि ते देणाऱ्याचं नाव, दोन्ही तसंच राहतं. त्या सात पाकिटांतल्या चौदा चिठ्ठ्या हातात घेऊन मी किती वेळ बसले कोण जाणे. कचऱ्याची टोपली पायाशीच होती. मला माझीच किळस आली. थुंकीची कधी आली नव्हती इतकी.

बाई शेजारच्या खोलीत चहा घेत होत्या. मी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "ती पाकिटं मी बघितलीच नव्हती."

"का?"

"तुमची थुंकी लागली होती. मला हात लाववेना."

इतकं उघड बोलायचं नव्हतं, पण दुसरं खरं कारण नव्हतंच. बाई चष्मा काढून स्वेटरला पुसत राहिल्या.

"मीही नाही बघितली," त्या म्हणाल्या. "वर्षभर झालं, भिंगातून मला नुसतं हिरवं दिसतं. तुझी नजर चांगली आहे म्हणून लिहून टाकलं."

त्या भिंतीला हात लावत माझ्याबरोबर टेबलाशी आल्या. मी सात नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. सिलियारे, आणि खाली माझं नाव. मला वाटलं, झालं. बाईंनी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा चाचपडून माझ्याकडे सरकवला.

"आता माझ्याही सात लिही. 'न पाहता सहमती दिली.' खाली माझं नाव."

मी लिहायला लागले. ऐंशी उलटलेल्या बाईचं नाव, माझ्या वळणदार अक्षरात. तिसरी चिठ्ठी झाल्यावर माझा हात थांबला.

"अजून चार राहिल्यात," बाई म्हणाल्या.