खिडकीतला पांढरा दुपट्टा

एसटीच्या खिडकीशी लागते तशी झोप मला घरच्या गादीवर कधीच लागली नाही. धड झोप नाही, धड जाग नाही. काच खडखडत असते, मागं कुणीतरी शेंगा फोडत असतं, कंडक्टर गावांची नावं घेत असतो आणि ती गावं स्वप्नातच येऊन जातात. चिखली ते पुणे नऊ-दहा तास मी अशी तरंगत जाते. बाकी लांबच्या प्रवासाचं कौतुक मला सांगू नका. कंबर मोडते, शेजारचा बाप्या आपल्याच खांद्यावर घोरतो, आणि बाईमाणसाला पाणी प्यावं की न प्यावं हा विचार दर घोटाला करावा लागतो. पण ती झोप मात्र मला गोड लागते.

माझ्या आईला हे सुख ठाऊकच नव्हतं. तिला गाडी लागायची. आमच्या गावाहून चिखली अर्ध्या तासावर, तेवढ्यातही तिच्या दोन उलट्या ठरलेल्या. लिंबू हुंगून झालं, सुंठ चघळून झाली, पोटाला वर्तमानपत्र गुंडाळून झालं. कागद गुंडाळला की ती चालताना कुरकुर वाजायची आणि आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. चिखलीच्या पुढं ती कधी गेलीच नाही. तिचं सगळं जग बैलगाडीच्या टप्प्यातलं.

मी नोकरीसाठी पुण्यात गेले त्याला अठरा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी दोन खोल्यांचं का होईना, स्वतःचं घर झालं. मी ठरवून टाकलं, आई आल्याशिवाय घरात बुद्धवंदना घ्यायची नाही. पहिली मेणबत्ती तिच्याच हातची. बाहेरच्या खोलीतला कोपरा मी तसाच रिकामा ठेवला होता. तिकडे आईचे गुडघे दर हिवाळ्याला आणखी आखडत होते. यंदा नाही आली तर ती कधीच येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून दिवाळी झाल्यावर मी हट्टालाच पेटले.

"मले नको नेऊ वं," आई म्हणाली. "मी गाडीतच मरून जाईन."

"मरायचंच असेल तर माझ्या घरी येऊन मर," मी म्हणाले. असं बोलते मी. मग दिवसभर स्वतःला शिव्या देत बसते.

डॉक्टरांनी उलटीची गोळी दिली. जेवण करून एकच घ्यायची, झोप येईल म्हणाले. आईनं पहाटे उपाशीपोटी एक घेतली, आणि माझं लक्ष नाही बघून दुसरी. "येकीनं का व्हते?" हे तिनं मला देऊळगाव राजा मागं पडल्यावर सांगितलं, तेही अर्धवट झोपेत.

आमच्याकडे जागा धरायची रीत आहे. गाडी स्टँडात शिरली रे शिरली की माणसं तिच्यासोबत धावत खिडकीतून दुपट्टा, म्हणजे खांद्यावरचं उपरणं, आत फेकतात. ज्याचा दुपट्टा त्याची सीट. एरवी बांधावरून कुऱ्हाडी काढतील, पण सीटवरचा दुपट्टा कुणी हलवत नाही. त्या सकाळी माझ्या धाकट्या भावानं खांद्यावरचा पांढरा दुपट्टा असाच आत टाकला. आईला खिडकीशी बसवून खाली उतरला तेव्हा दुपट्टा परत घेतला नाही.

"राहू दे ताई, खिडकीच्या दांडीले बांधून ठेव," तो म्हणाला. "खाली उतरली त आईले आपली गाडी वळखू येईन."

मला ते फार पटलं. शिवाय मी हुशार ना! आई कुठं विसरू नये म्हणून तिचा मोबाईल, तिकीट, आधार कार्ड, सगळं माझ्याच पर्समध्ये घातलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगीच नाही.

गाडी निघाली. पंधरा मिनिटांत आईची मान माझ्या खांद्यावर आली. मी पिशवी उघडून तयार बसले होते, पण उलटीचं नाव नाही. बाहेर तुरीला शेंगा लागल्या होत्या, मधूनच कपाशीचं पांढरं वावर यायचं आणि हळूच मागं जायचं. ऊन कोवळं होतं. आई झोपेत बोलत होती. मला तिची आई समजून विचारत होती, "माय, पानी भरलं का वं? मी येऊ का संगं?" मी म्हटलं, "भरलं, तू झोप." तिला बरं वाटलं असावं, कारण ती खुदकन हसली. पंचाहत्तरीची माझी आई माझ्या खांद्यावर सात वर्षांची झाली होती. मला इतकं छान वाटलं की सांगता येत नाही. मग माझाही डोळा लागला. जालना कधी आलं, कधी गेलं, कळलंच नाही.

जालन्याच्या पुढं एका हॉटेलवर गाडी थांबली. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या गाड्या तिथंच थांबतात. आईला हाताला धरून बाथरूमपर्यंत नेलं, आणलं. ती पापण्या मिटूनच चालत होती. बायकांची रांग मोठी, आणि माझा नंबर अजून यायचा होता. मी तिला दुरूनच बोटानं दाखवलं, "ती बघ आपली गाडी. खिडकीत पांढरा दुपट्टा. आपल्या जागेवर जाऊन बस, मी आलेच."

"हाव," आई म्हणाली आणि निघाली.

मी परत आले. आमची गाडी, आमची खिडकी, भावाचा दुपट्टा, सगळं जागच्या जागी. फक्त आई नव्हती.

आधी वाटलं, मी अजून झोपेतच आहे. मग धावले. बाथरूम पाहिलं, उसाच्या रसाची गाडी पाहिली, हॉटेलच्या मागं बाजा टाकल्या होत्या तिथं पाहिलं. "आई! ए आई!" अशी मी ओरडत फिरत होते, आणि चहा पिणारी माणसं कप हातात धरून माझ्याकडे बघत होती. कंडक्टर भला माणूस, पंधरा मिनिटं थांबला. पण बाकीच्यांनाही गावं गाठायची होती. शेवटी मी पिशव्या उतरवून घेतल्या. गाडी गेली. मी धुळीत उभी.

भजी तळणाऱ्या माणसानं झारा हातात धरूनच विचारलं, "लुगडं हिरवं होतं का? अशा एक आजी त्या शेजारच्या गाडीत चढल्या बघा. पुण्याहून आलेली, मेहकरची गाडी."

मेहकरची! म्हणजे आमच्याच जिल्ह्याची, आमच्याच माणसांनी भरलेली. त्यात पांढरा दुपट्टा एक काय, खिडकीगणिक सापडला असता. हे माझ्या डोक्यात का आलं नाही? पुण्याच्या ऑफिसात मी लोकांना चुका काढून दाखवते, आणि स्वतःच्या आईला दुपट्ट्याच्या भरवशावर सोडून दिलं!

भाऊ शेतात, त्याचा फोन घरात. तो सापडायलाच एक वाजला. मेहकरला निघाला तो मोटारसायकलवर, शेतातल्याच कपड्यांवर. मी एका बाजेवर बसून राहिले. दुपार नुसती पडून होती. गाड्या यायच्या, माणसं उतरायची, खायची, जायची. प्रत्येक हिरव्या लुगड्याला माझं काळीज उडायचं. गोळीच्या गुंगीत ती भलत्याच गावाला उतरली तर? तिला माझा नंबर पाठ नाही. तिला माझा पत्ताही माहीत नाही, कारण तिला तो कधी लागलाच नव्हता. तेव्हा मी रडले. लोकांसमोर, मोठ्यानं.

अडीचच्या पुढं भावाचा फोन आला. "सापडली! मेहकरच्या ष्टँडावर बाकड्यावर बसेल हाये, मस्त. मले म्हन्ते, तू कवा आला बे पुन्याले?"

मग आईच बोलली. आवाज कसा टवटवीत! "अवं, मले गाडी लागलीच नाही! जलमभर उगीच भ्याली मी."

"आई, तू ठीक आहेस ना? कुणी उठवलं कसं नाही तुला?"

"उठवते कोन? सीटवाला आला, म्हने झोपू द्या म्हातारीले. सोता हुभा राह्यला बिचारा. आपला दुपट्टा माह्या डोक्याखाली देल्ला त्यानं." तिला सगळं सांगायची घाई झाली होती. "उतरली त मले वाटलं आलं तुवं पुनं. म्हनलं, तू येशीन आता घ्याले. चांगलं वाटलं गाव. तू म्हने, तिथं आपल्या बोलीले हासतात. कोनी हासलं नाही वं! चहावाला बी 'का'ले काऊनच म्हन्ते. मंग हा तुवा भाऊ आला, त्याले इचारलं, ताईचं घर कुठीसा हाये? तवा तो म्हने, आई, हे मेहकर होय."

मागून भावाचं हसणं ऐकू येत होतं. मीही हसले.

"पन त्याच्या आधी बसली होती न मी बाकड्यावर," आई म्हणाली, "त येकच इचार येऊन राह्यला होता. म्हनलं, पोरगी त हाकेवर राह्यते. येक झोप झाली का तिचं गाव. मंग वर्साची येकदाच येते काऊन?"

ती गमतीनंच बोलत होती. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. अठरा वर्षं मी तिला 'लांब पडतं गं' एवढंच सांगत आले होते आणि ती बिचारी दर वेळी 'हाव' म्हणत आली होती. मी बाजेवरून उठले.

"आयकून राह्यली ना?" आई विचारत होती.

"हाव," मी म्हणाले. दोन्ही पिशव्या उचलल्या आणि भजीवाल्याला विचारलं, मेहकरची पुढची गाडी किती वाजता आहे.