अक्कासाहेबांची तिसरी ओळ

जेवणं आटोपतात आणि लेखाबाईंना सगळे मिळून माडीवरच्या खोलीत पाठवतात. संध्याकाळी लग्न लागायचंय, तेव्हा मावशींनी घटकाभर पाठ टेकावी, असा त्यांच्या भाचीचा, शैलजाचा हुकूम आहे. खोली त्यांच्या थोरल्या बहिणीची, अक्कासाहेबांची, पलंगही त्यांचाच. काठमांडूचं हिवाळी ऊन खिडकीतून थेट उशीवर आलंय. खाली अंगणात बाजेवाले वाद्यं जुळवून बघताहेत. एक लांब कर्णा मधूनच हुंकारतो आणि गप्प होतो. लेखाबाई डोळे मिटून घेतात, पण ओठ चालूच आहेत.

कन्या दूर निघे, जरी गिरि नदी येती किती आडव्या,
तेथेही उगवेल सूर्य अपुला, वाटा पुढे या नव्या...

आणि इथं गाडी अडते. पुढची ओळ काही केल्या येत नाही. चौथी येते, कारण ती 'कुर्यात् सदा मंगलम्'वर संपते आणि लहानपणी दोघी बहिणी तीच सगळ्यात मोठ्यानं म्हणायच्या. तिसरीच्या जागी नुसती चाल उरली आहे.

हे मंगलाष्टक आईसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या आईनं, स्वतः रचलेलं. अक्कासाहेबांच्या लग्नात ते पहिल्यांदा म्हटलं गेलं तेव्हा कळंबगिरी संस्थान विलीन होऊन बरीच वर्षं झाली होती. निशाण गेलं होतं, तोफा गेल्या होत्या. राहिले होते चार घोडे, एक बारव आणि आबासाहेबांचा हेका. राजकन्या म्हणवून घ्यायचं असेल तर आपल्या घोड्याची लीद आपण काढायची, हा तो हेका. त्यांनी दोन्ही मुलींना पाठीला भोपळा बांधून बारवेत पोहायला शिकवलं, नकाशा वाचायला शिकवलं आणि गड्यालाही 'अहो' म्हणायला लावलं. मग थोरल्या कुमुदिनीराजे, सगळ्यांच्या अक्कासाहेब, एकोणिसाव्या वर्षी नेपाळच्या एका राणा घराण्यात सून म्हणून आल्या. काही वर्षांनी धाकट्या लेखानं पूल बांधायला आलेला नॉर्वेचा एक इंजिनियर पसंत केला आणि ती बर्गनला गेली. आबासाहेब तिला एका शब्दानं बोलले नाहीत. पण आत्याबाई बोलल्या. म्हणाल्या, थोरलीनं निमूट मान तुकवली म्हणून धाकटीला ही मोकळीक मिळाली.

ते वाक्य लेखाबाईंनी जन्मभर अंगावर वागवलं आहे.

मागच्या माघात अक्कासाहेब गेल्या आणि दर रविवारचा फोन थांबला. बर्गनमध्ये लेखाबाईंना मराठीत बोलायला दुसरं माणूस नाही. आता शैलजाची लेक, अक्कासाहेबांची नात, लग्न करून न्यूझीलंडला निघाली आहे, आणि घरातल्या प्रत्येक लग्नात अक्कासाहेब म्हणायच्या ते मंगलाष्टक मावशीनं म्हणावं, असं शैलजानं, अक्कासाहेबांच्या मुलीनं, फोनवर रडत रडत सांगितलं आहे. तिला स्वतःला चाल येते, शब्द येत नाहीत. लेखाबाई हो म्हणून बसल्या. आता ऊन डोळ्यांवर आहे, पापण्या जड होताहेत, कर्णा पुन्हा हुंकारतो.

"झोपलीस, की सोंग आहे?"

खिडकीच्या कट्ट्यावर अक्कासाहेब संत्रं सोलत बसल्या आहेत. केस पांढरेशुभ्र, पण चेहरा अठरा वर्षांचा, आणि अंगात घोड्यावर बसायची ती जुनी चुणीदार विजार.

लेखाबाईंना दचकायलाही होत नाही. छातीत नुसती धडधड सुरू होते, सुट्टी लागल्याच्या दिवशी व्हायची तशी. चारचौघांत त्या बहिणीला 'अक्कासाहेब, तुम्ही' म्हणायच्या. दोघीच असल्या की 'अक्का, तू'.

"अक्का, तू गेलीस ना गं?"

"गेले की. म्हणून तर जिना चढताना गुडघा दुखला नाही." अक्का एक फोड पुढं करते. "खा आणि ऊठ. घोडे खोळंबलेत."

"संध्याकाळी लग्न आहे. मला ओळ आठवत नाहीये."

"कुठली?"

"तिसरी."

अक्का तिच्याकडे बघते आणि हसू दाबते. "तीच बरी विसरलीस," म्हणते आणि कट्ट्यावरून उडी मारते.

खोलीच्या दारातून बाहेर पडावं तर कळंबगिरीची पागा आहे. गवताचा आणि घामाचा ऊबदार वास. आबासाहेब बाह्या सारून खराटा मारताहेत. लेखाबाईंची उंची कमी झाली आहे, घोड्याचं पोट डोळ्यांच्या रेषेत येतंय. आबासाहेब मान वर न करता म्हणतात, "उशीर झाला, धाकट्या बाईसाहेब."

"मी बर्गनहून आले, आबासाहेब."

"मग उशीर नाही झाला," ते म्हणतात आणि खराटा तिच्या हातात देतात.

ती लीद काढते. कमरेत कळ येत नाही. शेजारी अक्का खोगिराचा पट्टा आवळतेय, शीळ घालतेय. लेखाला मोठ्यानं हसावंसं वाटतं आणि ती हसते. किती दिवसांनी आपल्या तोंडून मराठी हसू बाहेर पडतंय, असं तिच्या मनात येतं, आणि हसूही मराठी असतं हे तिला आत्ता कळतं.

घोडे दौडताहेत. पागेच्या फाटकाबाहेर बर्गनचा ओला दगडी रस्ता आहे, लाकडी घरं, बंदरावर मासळीचा बाजार. टापांनी पाणी उडतं. कुणी वळून बघत नाही. मासे विकणारी बाई अक्काला मराठीत विचारते, "थोरल्या, इकडं कुठं?" आणि अक्का म्हणते, "धाकटीचं सासर बघायला. जिवंतपणी व्हिसाचं काही जमलं नाही."

"तू हे कधी बघितलंच नाहीस," लेखा म्हणते. तिचा घोडा पुढं पळतोय, आवाज वाऱ्यावर फाटतोय. "हा चढ बघ. इथून समुद्र दिसतो. पहिल्या वर्षी मी इथं येऊन उभी राहायची आणि काठमांडू कुठल्या बाजूला असेल ते बघायची."

"मी गच्चीवर जाऊन तेच करायची. सासूबाईंना वाटायचं, सून हिमालयाला नमस्कार करतेय."

चढ संपतो. माथ्यावर समुद्र नाही, आबासाहेबांची बसायची खोली आहे. घोडे गालिच्यावर उभे आहेत आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मेजावर तीन फोटो मांडलेत, तिन्ही उमदे तरुण, तिन्ही फेटेवाले. शेजारी भला मोठा नकाशा पसरलाय. आबासाहेब खिडकीकडे तोंड करून उभे आहेत.

ही अक्काचं लग्न ठरलं ती दुपार आहे. त्या दिवसांत ती पाचगणीला शाळेत होती आणि सुट्टीत घरी येईपर्यंत सगळं ठरून गेलं होतं.

"अक्का, मला एक विचारायचंय."

"विचार की. एवढ्यासाठीच आलेय मी."

"तू माझ्यासाठी गेलीस का? म्हणजे... तू मान तुकवलीस म्हणून मला मोकळीक मिळाली का?"

अक्काच्या तोंडावर असं काही हसू पसरतं की लेखाला ती कधी अठराची दिसते, कधी सत्तरची.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"आत्याबाईंनी."

"आणि तू मला कधी विचारलं नाहीस. इतके रविवार झाले. गुडघ्यांचं बोललो, बर्फाचं बोललो, लोणच्याला मोहरी किती ते बोललो."

"भीती वाटायची. तू हो म्हणाली असतीस तर?"

"बघ मग," अक्का म्हणते आणि मेजाशी जाते. ती फोटोंकडे बघतही नाही, ते बाजूला सारते. नकाशावर ओणवी होते आणि कळंबगिरीच्या ठिपक्यावर अंगठा ठेवून करंगळी लांब, आणखी लांब ताणते.

"आबासाहेब, यांतलं सगळ्यात लांबचं कुठलं?" ती विचारते.

"नेपाळ," आबासाहेब खिडकीकडूनच म्हणतात. "पण एवढ्या लांब कशाला, बाळ? माळव्यातलं स्थळ चांगलं आहे. सणावाराला येशील-जाशील."

"पोहायला तुम्हीच शिकवलंत ना? मग जन्मभर बारवेतच पोहत राहू का?"

आबासाहेबांची पाठ हलते. ते हसताहेत की रडताहेत ते पाठीवरून कळत नाही. शेजारच्या खोलीत कुणाच्या तरी बांगड्या वाजतात आणि थांबतात.

"आईसाहेब," अक्का कुजबुजते. "त्यांनी सगळं ऐकलं. त्याच संध्याकाळी त्या गुणगुणायला लागल्या. बाकीच्या तीन ओळी आधीपासून होत्या. तिसरी त्या दिवशी सुचली."

काहीतरी अंगावरून सुटून चाललंय आणि त्यानं लेखा इतकी हलकी झाली आहे की मेजाची कड धरावी लागतेय. "मग तू सुखात होतीस?"

"दर दिवशी कोण सुखात असतं? पहिल्या थंडीत इतकी रडले की नवरा घाबरला. सासूबाईंनी वर्षभर माझ्या हातची आमटी तोंडात घातली नाही. पण मी आले होते ती माझ्या पायांनी." ती लेखाचं मनगट पकडते. "उलट मीच तुझ्यावर चिडले होते, ठाऊक आहे? मी नकाशावर सगळ्यात लांब जाऊन बसले, आणि ही कार्टी नकाशा उलटून पलीकडे गेली."

दोघी हसतात. हसता हसता अक्का तिला ओढत निघते. गालिचा संपतो, पायऱ्या लागतात, हिरव्या, शेवाळलेल्या. खाली बारव भरलेली आहे. आभाळ त्यात निळंभोर उतरलंय.

"ओळ सांग ना," लेखा म्हणते.

"पाण्यात सांगते."

"मी रेशमी लुगड्यात आहे. म्हातारी आहे मी, अक्का."

"मी तर मेलेय," अक्का म्हणते आणि धावत सुटते.

लेखा तिच्या मागे धावते. मनगट अजून तिच्या मुठीत आहे. काठावरच्या दगडाला पाय लागतो, सुटतो, आणि दोघी हवेत आहेत. अक्का तिथंच, हवेतच, खड्या आवाजात सूर लावते. पाणी दोघींवर मिटतं. थंडगार, हिरवं. त्या हिरव्यातही प्रत्येक अक्षर स्पष्ट ऐकू येतं. हातातला हात अलगद सुटतो आणि लेखा वर येऊ लागते, हातपाय मारत, जसं शिकवलं होतं तसं, उजेडाकडे.

"मावशी. मावशी, उठा. वेळ झाली."

शैलजा पलंगाशी वाकली आहे. भरजरी साडी नेसलेली, डोळे सुजलेले. ऊन भिंतीवर चढलंय, खाली सनया सुरू झाल्या आहेत. लेखाबाई उठून बसतात, आणि कुणी काही विचारायच्या आत, श्वास पुरता जुळलेला नसताना म्हणू लागतात. पहिली ओळ, दुसरी. आणि मग न अडखळता:

जाते ती अपुल्या खुशीत, म्हणुनी डोळां नको आसवे,
हासूनी निघ, सावधान वधु गे, कुर्यात् सदा मंगलम्.

शैलजा मटकन पलंगाच्या कडेवर बसते. तिचं मराठी आईकडून ऐकून आलेलं, थोडं नेपाळी हेलाचं. "हीच," ती म्हणते. "आई या ओळीशी थांबायची. नवरीकडे बघायची आणि हसायची. माझ्या लग्नात तर इतकी हसली की भटजी खोळंबले. मला वाटायचं, तिला पुढचं आठवत नाही."

"आठवायचं तिला," लेखाबाई म्हणतात. "तिची ती स्वतःची ओळ होती. चल, मीही तिथंच थांबणार आहे."

"थांबा, आधी केस नीट करू द्या. सगळे सुटलेत." शैलजा त्यांच्या मागे येते आणि केस हातात गोळा करते. मग तिचे हात थबकतात.

"मावशी, आत्ता न्हायलात की काय?"

लेखाबाई मागे हात नेतात. केस मुळांपासून टोकापर्यंत ओलेचिंब आहेत. उशी कोरडी आहे. शैलजा केस हलकेच पिळते, तर थंडगार पाणी तिच्या बोटांमधून लाकडी जमिनीवर ठिबकतं आणि खोलीभर शेवाळाचा, दगडाचा वास पसरतो. ती टॉवेल घ्यायला वळते.

"राहू दे," लेखाबाई म्हणतात. "ओल्याचाच घाल अंबाडा. लग्न लागेपर्यंत वाळायला नको."