चिमीचं जड गाठोडं

जव्हारकडच्या वांगणीजवळच्या पाड्यावर अजून कुजबुज आहे, की वादळाच्या आदल्या दिवशी ढवळूची बायको चिमी मधु जीपवाल्याबरोबर पळून जाणार होती, आणि सासूची चांदी गाठोड्यात बांधून नेणार होती. चांदी किती, यावर एकमत नाही. बातमी विहिरीवर निघाली तेव्हा तिच्यात नुसत्या वाळ्या होत्या. हंडे भरून परत येईपर्यंत त्यांचा कमरपट्टा झाला होता. सासूच्या, म्हणजे गौराच्या, अंगावर उभ्या जन्मात कुणी कमरपट्टा पाहिला नाही. पण एवढ्यावरून बातमी मागे घ्यायची, असा आपल्याकडे रिवाज नाही.

त्या सकाळी ग्रामसेवक सांगून गेला, समुद्राकडून मोठं वादळ येतंय, कुडाच्या घरातल्यांनी दिवस मावळायच्या आत शाळेत यायचं. चिमीने ऐकलं. ऐकलं म्हणजे आवाज कानावर पडला. माघात भिवंडीकडच्या वीटभट्टीवर कामाला गेले असताना तिची लहानगी मुलगी काळी तापाने गेली, तेव्हापासून तिला सगळंच असं ऐकू यायचं, कुडापलीकडे कुणी बोलावं तसं. ती रडली नव्हती. पाड्यातल्या बायकांना ते खटकलं होतं. आई रडत नाही म्हणजे मन दुसरीकडे गुंतलंय, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

ती मधुच्या जीपपाशी गेली.

"मधुदादा, आज भिवंडीकडं सोडशील? भट्टीवर?"

"आज जव्हारच्या पुढं कोण जातंय, वहिनी? वादळ होऊन जाऊ दे. मग नेतो."

"मग तिथं पाणी भरंल."

मधुने मान हलवली आणि जीपवर ताडपत्री बांधायला घेतली. तिने त्याला दादा म्हटलं होतं, एवढं मात्र सांगणाऱ्यांनी सोयीने गाळलं.

ती परत येऊन घर आवरायला लागली. नागलीचं बियाणं ड्रममध्ये ओतून झाकण घट्ट बसवलं. कोंबड्या टोपल्याखाली घेतल्या. चूल विझवली, शेळी सोडली. हात चालत होते, ती नुसती त्यांच्या मागे फिरत होती. गौरा दारात बसून हुकूम सोडत होती. आधी माझी तंबाखूची डबी घे, घराचं मागाहून बघू, असं तिचं चाललेलं. एरवी चिमी हसली असती.

ढवळू छपरावर चढला होता. पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवत होता, चिमी खालून एकेक देत होती. शेवटच्या कोपऱ्याला दगड संपले. पत्रा वाऱ्याने फडफडायला लागला.

"न्हाणीतले दे," ढवळू म्हणाला.

"न्हाणीत नाहीत."

"गेले कुठं?"

ढवळूची नजर दाराशी ठेवलेल्या गाठोड्यावर गेली. सकाळपासून ते तसंच बांधलेलं होतं. त्याने फडफडणारा पत्रा हाताने दाबून धरला. मग म्हणाला, "पाटा दे वर." त्याने पाटा कोपऱ्यावर ठेवला आणि खाली उतरला.

शाळेपर्यंत तिने गाठोडं कुणाला उचलू दिलं नाही. ओझ्याने मान दबली होती. व्हरांड्यात टेकवलं तेव्हा फरशीवर धप्प वाजलं, आणि चांदीचा जन्म झाला तो बहुधा तिथेच. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. गौरा तंबाखू मळत बसली.

वादळ आलं, झाडं पाडून गेलं. घर राहिलं.

रस्ता मोकळा झाल्यावर मधुने शब्द पाळला. जीपमध्ये चिमीबरोबर ढवळूही होता.

गाठोड्यात चांदी नव्हती. न्हाणीतले चार दगड होते. काळीला भट्टीमागे पुरलं तेव्हा वर ठेवायला दगड मिळाले नव्हते, आणि विटा मोजून लावलेल्या म्हणून मुकादमाने दिल्या नाहीत. ते दगड ठेवायला चिमीला जायचं होतं. दोघं पोचली तेव्हा तिथे पाणी होतं. दगड घेऊन ती परत आली.