पायलचं तोंड आणि अख्खं गाव

बांगड्या भरताना बाईचा हात माझ्या हातात असतो. बांगडी अंगठ्यावरून सरकेपर्यंत तिला उठता येत नाही, आणि मलाही. मग ती बोलते. दुखतं म्हणून बोलते, गप्प बसवत नाही म्हणून बोलते. साखरखेर्ड्यात दुकान टाकून माझं आयुष्य गेलं. लोकांच्या घरातलं इतकं ऐकून झालंय, की कानांना झाकणं असती तर बरं झालं असतं असं वाटतं. शाळेत मी गेले नाही. बांगड्यांना गुंडाळून येणारी वर्तमानपत्रं उलगडून अक्षरं जुळवली. तेव्हा हे लिहिते आहे ते माझ्या हिमतीवर. कोणाला बोचलं तर बोचू द्या.

गेलं वर्षभर मात्र दुकानात एकच विषय. माझी नात पायल. बारावी सायन्सला आहे, नर्स व्हायचंय, आणि तोंडभर पिंपल. एखाद-दुसरा नव्हे. गालांवर, कपाळावर, हनुवटीखाली, पू भरलेले, ठणकणारे. सकाळी उशीच्या अभ्र्याला रक्ताचे डाग. हळूहळू पोरीनं कॉलेज सोडलं, मग ओटा सोडला, मग आरसा सोडला. आमच्याकडे पोरी उन्हापायी तोंडाला स्कार्फ बांधतात, नुसते डोळे उघडे ठेवून. पायल घरातसुद्धा बांधायला लागली. जेवताना तेवढा हनुवटीखाली ओढायची.

पोरीचं वर्ष जातं की राहतं, ही आमची चिंता. गावाला चिंता पिंपलांची.

* * *

पहिला सल्ला गोदाबाईचा. शेजारीण आहे, माझ्याच वयाची. हात माझ्या हातात देऊन म्हणाली, "सरूबाई, पोरीच्या तोंडाले पांढरी टूथपेस्ट लावून ठेव. जळते थोडी. पण सारं मुळासकट जाते."

बोलताना तिचे मिश्रीनं काळे झालेले दात माझ्या समोर. मी बांगडी अर्ध्यावर थांबवली.

"गोदे, तू थे कधी दातांले लावली का?"

"दातांले काऊन लावू?" ती म्हणाली. "दात माह्ये चांगले आहेत."

तिच्यानंतर रांगच लागली. एक म्हणाली शेंगदाणे बंद करा. दुसरी म्हणाली पोटात गरमी आहे, सब्जा द्या. तिसरीनं लिंबू सांगितलं, चौथीनं खायचा सोडा, आणि वर्षानं, म्हणजे माझ्या सुनेनं, ते सगळं ओळीनं करून पाहिलं. आईच ती, करणारच. पोरगी निमूटपणे तोंड पुढे करायची.

एक नवी नवरी तर मला शिकवायला लागली. "मावशी, लग्न झालं का आपोआप जाते सारं."

मी म्हटलं, "तुह्या नवऱ्याचे तं लग्न झाल्यावर केस गेले."

तेव्हापासून ती बांगड्या चिखलीहून आणते. आणू दे.

* * *

माझा मुलगा संतोष, पायलचा बाप. त्याचं एकच पालुपद. "वयाचं असते आई थे. आमाले नव्हते का झाले? आमी गेलो का डॉक्टरकडे?"

मी सांगून थकले, वर्षा रडून थकली. हा ढिम्म.

मग एके दिवशी याच्याच नाकाच्या शेंड्यावर एक फोड आला. एकच. पण असा लालबुंद, की नाकाआधी तोच दिसावा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोठे साहेब येणार होते. झालं. घरात धावपळ. वर्षा गरम पाण्याचं फडकं घेऊन उभी, हा पलंगावर आडवा, आणि विव्हळतोय असा जसं काही नाकच कापून नेलंय. "वर्षा, दिसून राह्यलं का लय? साहेब हसन का? रुमाल बांधून जाऊ का?"

आतल्या खोलीतून पायल आली. स्कार्फ बांधलेली. दारात उभी राहून बापाकडे पाहत राहिली. कित्येक दिवसांत हो-नाहीच्या पलीकडे बोलली नव्हती.

"पप्पा," ती म्हणाली, "वयाचं असते थे."

संतोषनं ऐकलंच नाही असं दाखवलं. पण सकाळी चहा पिताना खाली मान घालून म्हणाला, "बुलढाण्याच्या चामडीच्या डॉक्टरकडे नंबर लावतो."

* * *

नंबर लागायच्या आत मंदा आली. मंदा माझी मुलगी, खामगावला दिलेली, पायलची आत्या. भाचीवर जीव आहे तिचा, ते कोणी नाकारत नाही. तिनं पर्समधून एक ट्यूब काढली. "आमच्या मेडिकलवाल्यानं देली. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, काहीच नाही. लाव अन् पाह्य."

लावली. आणि खोटं कशाला बोलू, आठवड्याभरात पोरीचं तोंड सपाट झालं. पायल ओट्यावर येऊन बसली. वर्षानं देवापुढे नारळ फोडला. संतोषनं डॉक्टरचा नंबर रद्द केला.

ट्यूबचं नाव गल्लीभर झालं. वर्षानं स्वतःच्या गालावरच्या वांगाला लावली. गोदाबाईनं कोपराच्या गजकर्णाला लावली. मागच्या घरातल्या बाईनं पोराच्या घामोळ्यांना लावली. पायलच्या औषधाची एकच ट्यूब, आणि अख्खी गल्ली ती पिळत होती. पिळून पिळून ती संपली.

ट्यूब संपली आणि पोरीच्या तोंडावर आग पेटली. आधी होते त्याच्या दुप्पट फोड, आणि सगळं तोंड भाजल्यासारखं लाल. ऊन सोसेना, पाणी सोसेना. थंड फरशीला गाल लावून पडून राहायची. मी तिच्याजवळ बसायचे.

मंदाला फोन केला. सगळं ऐकून घेतलं तिनं. रडलीसुद्धा. मग नाक ओढत म्हणाली, "मंग आई, आनखी एक पाठवू का?"

* * *

शेवटी बुलढाण्याला मीच घेऊन गेले. चिखलीला बस बदलली. दोन्ही गाड्यांत पायल खिडकीकडे तोंड करून बसली.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी स्कार्फ सोडायला लावला, दिव्याखाली तोंड पाहिलं आणि विचारलं, "काय काय लावलंय?"

मी सांगायला लागले. टूथपेस्ट, लिंबू, खायचा सोडा, कडुलिंब, मुलतानी माती. मग पिशवीतून ती रिकामी ट्यूब काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि क्षणभर डोळे मिटून घेतले. माझ्यासारखीच थकलेली दिसली बिचारी. रोज किती जणी अशा ट्यूबा आणून ठेवत असतील.

"आजी, यात स्टिरॉइड आहे," त्या म्हणाल्या. "पिंपलसाठी नाही हे. लावलं तेवढे दिवस दाबून ठेवतं. सोडलं की उसळून येतं."

मग पायलकडे वळून तिच्याशीच बोलल्या, माझ्याशी नाही. ते मला आवडलं. गोळ्या आहेत, आधी रक्त तपासायचं, ओठ फाटतील, कातडी कोरडी पडेल, सुरुवातीला वाढल्यासारखं वाटेल. महिने जातील. फोडायचे नाहीत. थोडे डाग राहतील. यात तुझं काही चुकलेलं नाही.

शेवटचं वाक्य ऐकून पायलनं पहिल्यांदा मान वर केली.

"आणि आजी," बाई मला म्हणाल्या, "आजपासून लोकांचे सल्ले बंद."

मी म्हटलं, "त्याची काही गोळी असली तं थेही लिहून द्या. मी घेईन."

* * *

गोळ्या सुरू झाल्या. नवीन फोड कमी व्हायला लागले, पण गाल कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ. अशात खामगावला मंदाच्या पोरीचं, पूजाचं लग्न. पायल करवली. येत नव्हती, पूजानं फोनवर रडून बोलावली.

मांडवातल्या सगळ्या बायांचे चुडे मीच भरले. माझ्यासारख्या विधवेनं चुडा भरावा का, अशी कुजबुज करणाऱ्या दोघी होत्या. मी त्यांचे हात जरा जास्तच दाबले.

हळद सुरू झाली. नवरीला लावून झाली, आणि उरलेली वाटी घेऊन मंदाची जाऊ पायलकडे वळली. "ये माय, हळदीनं गुण येते." पायल मागे सरकली. दुसरीनं तिचा दंड धरला, जावेनं स्कार्फ ओढला. गम्मत चालली होती त्यांची. पोरीचे डोळे पाहिले मी. विहिरीत लोटताना होतील तसे झाले होते.

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "हात मागं घे. नाही तं आता भरला तो चुडा उतरवून नेईन."

हळदीच्या मांडवात, पांढऱ्या कपाळाची म्हातारी, हिरव्या चुड्याबद्दल असं बोलते. वाजंत्रीवालासुद्धा थांबला.

"आई," मंदा दातओठ खाऊन म्हणाली, "शुभ-अशुभ काही कळते का तुले?"

"सारं कळते. म्हणूनच बोलली."

जाऊबाईंचा हात हवेतच राहिला होता. तो खाली कसा न्यावा, हे तिला सुचेना. शेवटी तिनं ती हळद हळूच स्वतःच्या गालाला पुसली आणि वाटी घेऊन निघून गेली.

* * *

मग कॉलेजातून निरोप आला. हजेरी भरत नाही, आता प्रॅक्टिकल चुकलं तर वर्ष गेलं. पायल कशीबशी गेली आणि तासाभरात परत आली. सर म्हणाले, स्कार्फ काढ, नाहीतर बाहेर हो.

मी दुकान वर्षावर सोडलं आणि पायलला घेऊन कॉलेजात गेले. सर चांगले जाडजूड, चष्मेवाले. खुर्ची दिली मला. म्हणाले, "आजी, नियम आहे. विद्यार्थ्याची ओळख पटली पाहिजे. चेहरा उघडा पाहिजे."

"चेहरा पाह्यला का ओळख पटते तुमाले?"

"हो, म्हणजे काय."

मी पायलचा स्कार्फ खाली ओढला नाही. नुसतं विचारलं, "दीड वर्ष तुमच्या वर्गात आहे ही. तोंड चांगलं होतं तवापासून. काय नाव हिचं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "रोल नंबर सांग बरं, बाळ."

पायल कोपऱ्यातल्या टेबलावर स्कार्फ बांधूनच प्रॅक्टिकलला बसली. वर्ष वाचलं. मी मोठ्या तोऱ्यात घरी चालले होते, तर वाटेत पोरगी म्हणते, "आजी, सर चांगले आहेत. त्यांले कोणाचंच नाव आठवत नाही."

माझ्या भांडणाचं अर्धं बळ तिथंच गेलं.

* * *

राहता राहिला नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म. त्याला फोटो लागतो, आणि फोटोला स्कार्फ चालत नाही. शेवटची तारीख जवळ आली तरी पायल उठेना. संतोष म्हणाला, पुढच्या वर्षी देऊ. माझं बोलणंच संपलं होतं.

शेवटी तिन्हीसांजेला, बाजारपेठ रिकामी झाल्यावर, आम्ही विक्कीच्या स्टुडिओत गेलो. विक्की म्हणजे लग्नाचे अल्बम करणारा पोरगा. पायलनं आत जाऊन पडदा ओढला, स्कार्फ सोडला, फोटो काढला, पुन्हा बांधला. विक्की म्हणाला, "टेन्शन नको घेऊ ताई. मी बरोबर करतो."

सकाळी त्यानं फोटो घरी आणून दिले. काय सांगू. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं तोंड. एक फोड नाही, एक डाग नाही, वरून रंगही दोन छटा उजळ. वर्षा फोटो छातीशी धरून रडली. संतोष म्हणाला, एक मोठा करून फ्रेम करू. मंदाला मोबाईलवर पाठवला, तर तिचा लगेच उलटा फोन, असाच एक स्थळांसाठी ठेवून द्या.

पायलनं फोटो हातात घेतला. पाहिला. मग चप्पल घालून बाहेर पडली.

बाजाराचा दिवस. रस्त्यात माणूस मावत नव्हता. मी दुकानाच्या पायरीवर उभी, आणि माझ्यासमोरून पोरगी चाललेली. स्कार्फ खुंटीवरच राहिला होता. भाजीवाल्या वळून पाहत होत्या. गोदाबाईच्या हातातली पिशवी खाली आली. मी दुकान तसंच उघडं टाकून मागे गेले.

स्टुडिओत गिऱ्हाईकं बसलेली. पायलनं फोटो विक्कीच्या टेबलावर ठेवला.

"दादा, माह्या तोंडावरचं वापस टाक."

विक्कीला कळेना. "ताई, लोक काढाले येतात. टाकाले कोणी येत नाही."

"ही पोरगी कोण आहे?" पायलनं फोटोवर बोट ठेवलं. "इच्यासाठी मी काऊन पेपर देऊ?"

विक्की माझ्याकडे पाहायला लागला. मी भिंतीकडे पाहिलं.

"पण ताई," तो अगदी रडकुंडीला येऊन म्हणाला, "पहिला फोटो मी मिटवून टाकला. आता थे पिंपल कुठून आणू?"

पायल पडद्याच्या अलीकडच्या स्टुलावर, सगळ्यांच्या समोर, ताठ बसली.

"काढ मंग दुसरा. घेऊनच आली आहो मी."