हेल्मेटातल्या मिशा

प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारा मित्र पीएच.डी. अर्धवट सोडून हिंगण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात लागला. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. जांभळ्या अतिनील दिव्याखाली चमकणारा आणि घासला की चमकेचा रंग बदलणारा रेणू बनवायचा, हे त्याचं वेड. जाताना द्रावणाची बाटली माझ्या हवाली केली. "स्फटिक आले तं सांगजो गा."

मी बाटली विसरलो. माझ्या आळसाचा विज्ञानाला झालेला हा एकमेव फायदा. द्रावण कपाटात सावकाश सुकलं आणि तळाशी स्फटिक धरले. पुढे बाटली धुवायला काढली, सहज जांभळ्या दिव्याखाली धरून खरवडली. सगळं हिरवं चमकत होतं, चमचा घासला गेला तिथे मात्र लख्ख नारिंगी!

"अबे, पाह्य!" मी वळलो. शेजारच्या, त्याच्या स्टुलावर कुणीतरी आपला ॲप्रन टाकून ठेवलेला होता.

दोन दिवसांनी मी गाळणकागदावर ती पूड पसरली, काडीने घासून मित्राचा मिशाळ चेहरा काढला, सीताबर्डीवरून नोटा तपासायचा जांभळा टॉर्च घेतला आणि शिफ्ट सुटायच्या वेळी कारखान्याच्या गेटवर हजर झालो.

मे महिन्याच्या त्या उन्हात टॉर्च पेटलाय की नाही तेही कळेना. शेवटी माझ्या हेल्मेटाच्या तळाशी कागद ठेवला, टॉर्च आत धरला आणि त्याने वरून तोंड खुपसलं.

"हे तं अख्खं हिरवंच आहे बे. मिशा कुठं गेल्या माह्या?"

तापवलं की रंग पुन्हा हिरवा होतो, हे आदल्याच दिवशी मी गाईडना छाती फुगवून सांगितलं होतं. आणि कागद आणला होता गाडीच्या डिकीतून, जिथे पापडसुद्धा भाजून निघाला असता.

सगळं ऐकून तो पोट धरून हसला. "तुले डॉक्टर कोण करून राहिलं गा?"

मग त्याने खिशातून घराची किल्ली काढली, हात हेल्मेटात घातला आणि पुन्हा तोंड खुपसलं. खर्र, खर्र. एकाएकी आवाज थांबला. हसणंही.

"दिसलं?"

आतून पुन्हा खर्र झालं, या खेपेला अगदी हळू, मिशीला वळण दिल्यासारखं. मागे कंपनीची बस हॉर्नवर हॉर्न देत होती.

"जाऊ दे तिले," हेल्मेटाच्या आतूनच तो म्हणाला. "तू सोडजो मले घरी."

घर नंदनवनात, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. निघायचं तर मला हेल्मेट हवं होतं. बस दिसेनाशी झाली, तरी त्याचं तोंड आतच होतं, आणि मला ते मागवेना.