विहिरीवरचे पांढरे गोळे

चिकलठाण्याच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत द्वारका आणि मी बरोबरच लागलो. तेव्हा औरंगाबादेत सारखा कुठला ना कुठला नवा कारखाना उभा राहत होता. सकाळी क्रांती चौकातून सायकलींची नुसती रीघ लागायची. आमच्याकडे एकच थंड खोली होती, इन्फ्रारेड यंत्राची. डोळ्यांना न दिसणारे किरण पदार्थातून सोडायचे; त्यातले कुठले तो गिळतो, त्याची रेघ यंत्राचं पेन कागदावर काढायचं. पदार्थ बदलला की रेघ बदलायची. उन्हाळ्यात सगळ्यांनाच त्या खोलीत काहीतरी काम निघायचं. द्वारका मात्र तिथं बाराही महिने रमायची.

ती दौलताबादकडच्या एका खेड्यातली. वडील आप्पासाहेब तिथले बागायतदार. लोकांचं न ऐकता त्यांनी मुलीला बी.एस्सी. केलं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. गावोगावच्या दलित वस्त्या जळाल्याच्या बातम्या येत होत्या. त्याच दिवसांत आप्पासाहेब कंपनीच्या गेटवर आले. हातात काचेची बरणी, आत पाण्यावर पांढरट गोळे तरंगत होते.

"द्वारके, आपल्या विहिरीतलं हाय. म्हशी तोंड लावंनात. गोजरबाई विहिरीपाशी दिसली व्हती. ह्ये मशीनीत टाक अन् जहर हाय म्हणून लिहून दे. पोलिसात जातो."

गोजरबाई दलित वस्तीतली, त्यांच्याच शेतात खुरपायला येणारी. द्वारकाचा चेहरा उतरला.

"तिला कुणी काही केलं नाही ना?"

"अजून नाय. पण पोरं लई तापलीत. म्या थांबवून ठिवलंय."

"मग मशीन जे सांगेल तेच लिहीन, आप्पा."

तिनं साहेबांची परवानगी काढून आप्पांना आत आणलं. यंत्रात नमुना धरायच्या चकत्या मिठाच्या असतात, पाणी लागलं की विरघळतात. म्हणून तिनं गोळे आधी गाळून चांगले वाळवले, मग दोन चकत्यांमध्ये त्यांचा पातळ थर दिला. पेन सरकू लागलं. डावीकडं रेघ खोल दोनदा बुडाली.

"तेलकट आहे काहीतरी," मी म्हणाले.

मधे आणखी एक खाच पडली. द्वारका पुढं झुकली. "आणि हा साबण. चरबी आणि चुन्याचा. तेलात असा साबण म्हणजे यंत्राचं ग्रीस." ती वडिलांकडं वळली. "विहिरीवर नवीन काय बसवलं, आप्पा?"

"पंप बसवला की. पर त्याचा काय संबंध?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गावी गेलो. विहिरीत उतरून तिनं पंपाखालचं ग्रीस बोटानं खरवडून आणलं. आप्पांना बरोबर घेऊन परतल्यावर ते यंत्रात घातलं आणि दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीशी नेले. रेघा जुळल्या. जास्तीचं ग्रीस पाण्यात गळत होतं, घुसळून पांढरं होत होतं.

आप्पासाहेबांनी दोन्ही कागद स्वतः उजेडात धरून पाहिले. "म्हंजी जहर नायच?"

"कणभर काही मिसळलं असेल तर ते ह्या मशीनला दिसत नाही. पण हे गोळे तुमच्या पंपाचे, एवढं नक्की."

तिला वाटलं, ते कागद घडी करून खिशात ठेवतील. पण संध्याकाळी गावच्या पारावर माणसं जमली तेव्हा तेच उभे राहिले. "माझ्याच पंपाचं ग्रीस हाय. गोजरबाईनं काय केलं नाय. तिच्या दाराशी कुणी गेलं, तर आधी माझ्याशी गाठ हाय."

काहीजण कुरकुरत उठून गेले. वस्तीला मात्र कुणी हात लावला नाही.

द्वारकाची जवळच्याच गावात जमत आलेली सोयरीक आप्पांनी वस्तीची बाजू घेतल्यापायी मोडली. आई सरूबाई खूप रडली. पुढं द्वारकानं आमच्याच कंपनीतल्या एका सहकाऱ्याशी लग्न केलं, सुखानं संसार केला.

आता ती कंपनी नाही, ती थंड खोलीही नाही. चिकलठाण्यावरून जाताना मी अजून रिक्षातून मान वळवून बघते. द्वारका परवा फोनवर सांगत होती, गोजरबाई म्हातारपणी तिला बाजारात भेटली होती. गोजरबाईनं पाटीतली मेथीची ताजी जुडी तिच्या पिशवीत कोंबली, गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई वाळलीस गं बाई."