कंट्रोलर काकांचा कॉम्प्युटर

कंट्रोलर काका घरातल्या घरात घोषणा करत. सकाळी नळ आला की खालून खणखणीत आवाज यायचा, "लक्ष द्या, पाणी आलेलं आहे!" दूध उतू गेलं तर, "दूध गेलेलं आहे!" कळंबच्या एसटी स्टँडावर कंट्रोलर म्हणून त्यांनी नोकरीभर माइकवरून गाड्या पुकारल्या होत्या. निवृत्त झाल्यावर माइक सुटला, पुकारणं सुटलं नाही. मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो आणि तिथल्याच एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवत होतो. सुरुवातीला मला वाटे, ही सगळी वर्दी मलाच देतात. मग कळलं, ती काकूंसाठी असायची. पुढं काकू गेल्या, तरी घोषणा थांबल्या नाहीत. "भाकरी तव्यावर लागलेली आहे," असं ते रिकाम्या स्वयंपाकघरात सांगत, आणि मी जिन्यात उगाच थांबून राही.

उशीर हा शब्द त्यांना मान्यच नव्हता. लातूरची गाडी कितीही रखडो, माइकवर ती 'थोड्याच वेळात' येणारी असे. कुणी खिडकीशी भांडायला आलं तर शांतपणे सांगत, "गाडी टायमावरच हाय. तुमी लवकर आलाव." हाच न्याय त्यांनी घरीही लावला होता. पुण्याला कंपनीत नोकरी करणारा त्यांचा एकुलता एक मुलगा दत्ता आठवडाभर फोन करायला विसरला, की म्हणायचे, "कामात आसंल. आपुनच घाईवर आलोत."

काकू असतानाच दत्तानं त्यांना जुना कॉम्प्युटर, वर एक कॅमेरा, असं सगळं बैठकीतल्या टेबलावर मांडून दिलं होतं. दर रविवारी संध्याकाळी त्यावर बापलेकांची भेट होई. टचचा मोबाइल काकांनी घेतला नाही तो नाहीच. "नुस्तं बोट लागलं की फोन भलत्याच गावाला जातोय," ही त्यांची तक्रार. कॉम्प्युटरचं त्यांना बरं वाटे, कारण तो एका जागी उभा असतो.

रविवारी दुपारपासूनच तयारी सुरू होई. इस्त्रीचा पांढरा शर्ट वर, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. घर ते आवरत, पण कॅमेऱ्यात येईल तेवढंच. तेवढ्या चौकटीत धुतलेला पडदा, पुसलेलं टेबल आणि ताटलीत सीताफळं. चौकटीबाहेर कपड्यांचा ढीग, खरकटी भांडी आणि सकाळचं अंथरूण तसंच. एकदा मला हसू आवरलं नाही, तेव्हा म्हणाले, "पाव्हनं यायचं आसलं की आपुन समोरचीच भिंत सारवताव ना? तसंच हाय हे."

त्या चौकटीवर त्यांचं सगळं राहणं अवलंबून होतं, हे मला हळूहळू समजलं. काकू गेल्यावर दत्ता त्यांना पुण्याला घेऊन गेला होता. काका थोड्याच दिवसांत परत आले. "गॅलरीतनं खाली बगितलं तर लई मानसं, पर रामराम घालायला एक न्हाय," एवढंच त्यांनी मला सांगितलं. दत्तानं मग अट घातली: दर रविवारी मला तुम्ही दिसला पाहिजेत, नीट खाता-पिता हे दिसलं पाहिजे, तरच तिथं एकटं राहा.

आणि नेमका त्या दसऱ्याला कॉम्प्युटर बिघडला. काका सोनं द्यायला वर आले, आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली आणि दारातच उभे राहिले. "सर, कंपुटर चालू व्हायलंय आन् लगीच बंद व्हायलंय. गाडी फलाटावर येती, मानसं चढायच्या आत परत डेपोत."

खाली जाऊन पाहिलं तर वर्णन अगदी तंतोतंत होतं. बटण दाबलं की पंखा घुमायचा, एक बीप वाजायची, कंपनीचं चिन्ह यायचं, त्याखाली ठिपके गोल फिरू लागायचे आणि पडदा काळा. लगेच पुन्हा बीप. आपल्या आपण तेच ते, तेच ते.

"आपोआप झालं, का तुम्ही काही केलंत?" मी विचारलं.

"म्या काय करनार? आपोआप," असं म्हणून काका सीताफळं आणायला आत गेले.

मी कॉम्प्युटरचा मास्तर, मला चेव आला. कीबोर्ड, कॅमेरा, सगळं काढून पाहिलं. झाकण उघडून धूळ झटकली, मेमरीची पट्टी खोडरबरानं घासून परत बसवली. ओळखीच्या एकाकडून वीजपुरवठ्याचा डबा आणून जोडला. काही उपयोग झाला नाही. पुण्याहून दत्ता फोनवर सूचना देत होता. "अण्णा, सेफ मोड करून बघा."

"काय मोडू?" काका ओरडले. "आधीच मोडलंय, त्येच जोडायलोत आमी!"

बाजारातला दुरुस्तीवाला येऊन गेला. त्यानं कानाशी धरून फळं पारखतात तसा कॉम्प्युटरचा डबा थोपटला आणि मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या, असं सांगून निघून गेला. हे कळल्यावर दत्ता फोनवर म्हणाला, "टाकून द्या तो, अण्णा. मी दिवाळीला सगळ्यांना घेऊन येतोच आहे. जाताना तुम्हाला नेणार. तुम्ही दिसत नाही तर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही." काकांनी तो बटणांचा मोबाइल बंद करून खिशात टाकला. मग मला म्हणाले, "सर, काय बी करा, पर दिवाळीच्या आत येवडं चालू करून द्या. म्या इथनं न्हाय जानार."

मधल्या एका रविवारी मी शाळेच्या कामासाठी बाहेर गेलो होतो. संध्याकाळी परतलो तर खालचं दार उघडं. काका इस्त्रीच्या शर्टात टेबलापुढं बसलेले. चौकट आवरलेली, ताटली भरलेली, आणि समोर तो कॉम्प्युटर चालू होतोय, बंद होतोय. मला पाहून जरा ओशाळले. "म्हनलं, एकादे बारी लागंल," म्हणाले. मला त्या माणसाची फार माया आली आणि त्या यंत्राचा भयंकर राग.

दिवाळी तोंडावर आलेल्या रविवारी मी सकाळपासून ठाण मांडलं. हार्ड डिस्कच काढून ठेवली आणि नुसत्या सेटिंगच्या पडद्यावर यंत्र सोडून दिलं. तिथंही ते आपोआप बंद झालं, परत सुरू झालं. म्हणजे आतल्या प्रोग्रामचा यात काही दोष नव्हता. वैतागून मी पुढच्या बाजूला हात टेकला. मोठ्या बटणाखाली एक बारकं बटण असतं, यंत्र अडलं तर दाबून परत सुरू करायचं. माझा अंगठा त्यावर पडला. बटण आत गेलं आणि नीट वर आलंच नाही. टॉर्च लावून पाहिलं तर फटीत हळदीकुंकवाचा वाळलेला थर, आणि त्यात रुतून बसलेला अक्षतेचा एक दाणा. बटण धड आत नव्हतं, धड बाहेर नव्हतं. जरा थरथरलं की यंत्राला वाटायचं, कुणीतरी दाबलं.

मी मोठ्यानं हसलो. "काका, खंडेनवमीला याचीही पूजा केलीत होय!" आणि त्यांच्याकडे पाहिलं तर माझं हसू जागच्या जागी राहिलं.

"दरसाली ती करायची," काका म्हणाले. "विळी, माजी शिट्टी, शिलाई मशीन, कंपुटर. म्या नुस्तं बगत बसायचो. गेल्या साली तिचं वर्स झालं न्हवतं, म्हून कायीच केलं न्हाय. औंदा म्हनलं, आपुन करावं. पर कुंकवात पानी किती घालायचं, ते कुटं म्हाईत? लई पातळ झालं. वरनं लावलं ते समदं खाली व्हावलं. तिचं बोट नुस्तं टेकायचं, तसं माजं टेकलं न्हाय." मग म्हणाले, "लाज वाटली सर, म्हून बोललो न्हाय."

मी झाकण उघडलं. त्या बारक्या बटणाची तार आत बोर्डावर खोचलेली असते, ती उपसून बाजूला केली. डिस्क जोडून यंत्र सुरू केलं. बीप, चिन्ह, ठिपके, आणि सगळा पडदा लख्ख उजळला. काकांनी टाळी वाजवली. बटण पुसायला मी फडकं घेतलं, तर माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. पूजेचं पुसत न्हाईत." मी म्हटलं, राहू दे. ती तार जोडली तरच पुन्हा बिघडेल, सुटी आहे तोवर भीती नाही.

संध्याकाळी दत्ता दिसला. "अरे वा अण्णा, दिसलात एकदाचे!"

"दिसायलो ना? बग, शीताफळं बग," काका खुर्चीतल्या खुर्चीत उसळत होते. "जेवलो बी. सरांनी कंपुटर पार नवा केला."

"फार बरं झालं," दत्ता म्हणाला, आणि त्याच्या आवाजातलं ओझं खरोखरच उतरलेलं ऐकू आलं. "मग आता दिवाळीला येत नाही, अण्णा. पोरांना मामाकडे जायचंय, मलाही सुट्टीची ओढाताण होती. तुम्हाला तिथंच राहायचंय ना, मग खुशाल राहा. आता दर रविवारी दिसताच आहात."

"व्हय, व्हय," काका हसत म्हणाले. "कशाला येतूस येवड्या लांब? म्या ठीक हाय."

पडदा बंद झाला. काका जिंकले होते. जे हवं होतं तेच झालं होतं, आणि मी तसं म्हणणारही होतो. तेवढ्यात चौकटीबाहेरच्या कोपऱ्याकडे माझं लक्ष गेलं. कपड्यांचा ढीग नव्हता. तिथं नव्या चादरी घालून गाद्या रचून ठेवल्या होत्या आणि त्यावर फुलबाज्यांची पाकिटं.

पुढं मी कळंब सोडलं. काकाही गेले. स्टँडावरचे जुने लोक अजून त्यांच्या आवाजाच्या आठवणी काढतात. मला मात्र त्या संध्याकाळी त्यांनी विचारलेला प्रश्न सोडत नाही. ते टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या डब्याकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, ती तार परत जोडता येती का?"